आपट्याची नोंद

त्या दिवशी सकाळी मी नसीमआपांशी भांडत होतो. समोरासमोर नव्हे, लेखी. आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्या एका नव्या ॲपमधली चूक कळवली होती. फोन आडवा धरला की ‘पुढे’ हे बटण अर्धं स्क्रीनबाहेर जातं, अशी. मी खारघरच्या ऑफिसात चहाचा कप घेऊन बसलो होतो आणि त्यांना उत्तर लिहीत होतो की, आपा, फोन आडवा धरून फॉर्म कोण भरतं, जरा सांगाल का... एवढ्यात त्यांच्या मुलीचा, रुबिनाचा फोन आला. ‘‘प्रशांतभाई, अम्मी गेली,’’ ती म्हणाली. ‘‘फजरची नमाज झाली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.’’ फोन ठेवला तेव्हा स्क्रीनवर माझं अर्धवट उत्तर तसंच होतं. ते पुसलं. मग हातातला फोन आडवा करून बघितला. बटण खरंच अर्धं बाहेर जात होतं.

दुपारी पनवेलच्या कब्रस्तानात त्यांचं दफन झालं. मूठभर माती मीही घातली. त्याला आता सात आठवडे होतील. आपा कोणी मोठ्या बाई नव्हत्या. त्यांचं नाव कुठे छापून आलं नाही, त्यांना कुणी शाल-नारळ दिला नाही. त्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होत्या. टेस्टर म्हणजे आम्ही बनवलेलं ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी ते वापरून बघणारा, त्यातल्या खोड्या शोधणारा माणूस. स्वयंपाक दुसऱ्याने करायचा आणि मीठ कमी आहे हे यांनी सांगायचं, अशी ही नोकरी. त्यामुळे टेस्टरवर कुणाचं फारसं प्रेम नसतं. आपांवर माझं होतं, पण ते त्यांना कधी नीट सांगितलं नाही. आणखीही एक गोष्ट होती, जी मी त्यांच्या हयातीत जिथे सांगायला हवी होती तिथे सांगितली नाही. हा लेख खरं तर तिच्यासाठी आहे.

आपा आमच्याकडे आल्या त्या तक्रार करत. तेव्हा आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि सहा माणसं. आम्ही शाळांसाठी एक ॲप केलं होतं, त्यावर पालकांना सुट्टीच्या, फीच्या सूचना जायच्या. मदतीसाठी दिलेला नंबर माझ्या टेबलावर वाजायचा. पालक फोन करून म्हणत, ‘‘तुमचं ॲप चालत नाही,’’ आणि ठेवून देत. एकदा एका बाईंचा फोन आला. ‘‘हे बघा, मी पनवेलहून बोलतेय, माझी मुलगी आठवीत आहे. सकाळी पहिली सूचना उघडते, तेव्हा दिसते. ती बंद न करता मागे आले आणि दुसरी उघडली की पान कोरं. पहिली बंद करून आले तर दुसरी दिसते. मी सात वेळा करून बघितलं. लिहून घेताय ना?’’ मी लिहून घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा परत फोन आला, आणि तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या वेळी त्यांनी कोरं पान किती सेकंद राहतं तेही सांगितलं. आमचे मालक जयंतसर बाजूलाच उभे होते. त्यांनी स्पीकर लावायला सांगितला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘बोलव रे या बाईंना. आपल्याकडे एवढं नीट कोणीच सांगत नाही.’’

त्या आल्या. डोक्यावर ओढणी, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये आमच्या ॲपबद्दल लिहिलेली चार पानं, मराठीत, सुरेख अक्षरात. वय तेव्हा चाळिशीपार. नवरा मस्कतला एका गोदामात कामाला. त्यामुळे बँक, गॅस, विम्याचे कागद, घरदुरुस्ती, मुलीची शाळा हे सगळं या एकट्या बघत आलेल्या. ‘‘मला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही,’’ त्यांनी आधीच सांगून टाकलं. जयंतसर म्हणाले, ‘‘ते प्रशांतला येतं. तुम्ही फक्त त्याला कुठे चुकलं ते सांगायचं.’’ आपांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझं काही चुकतं यावर माझा विश्वास नव्हता.

आम्ही ॲप तपासायचो ते खुर्चीत बसून, एसीत, नव्याकोऱ्या फोनवर. आपा तसं करत नसत. त्यांच्या कापडी पिशवीत चार जुने फोन असत, त्यातल्या एकाची काच तडकलेली. ते फोन घेऊन त्या घरी जात आणि स्वयंपाक करताना ॲप वापरत. पिठाच्या हातांनी, ओल्या हातांनी, कुकरची शिट्टी होत असताना. ‘‘माणूस ॲप वापरायला म्हणून बसत नाही रे,’’ त्या मला म्हणायच्या. ‘‘दुसरं काहीतरी करत असतो, त्यात हे एक.’’ एकदा भाज्या-मासळी मागवायच्या ॲपसाठी त्या मला पनवेलच्या मासळी बाजारात घेऊन गेल्या. उरणकडच्या एका ओळखीच्या कोळणीच्या हातात त्यांनी फोन दिला. भर उन्हात तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पदराची सावली केली आणि परत दिला. ‘‘काय दिसत नाय गो यात. तुला पापलेट पायजेल तर इचार, नायतर बाजूला हो, गिऱ्हाइक हाय माजा.’’ आम्ही राखाडी रंगावर फिकट राखाडी अक्षरं ठेवली होती. फार देखणी दिसायची, ऑफिसात. आपांनी पापलेट घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझी अक्षरं काळी झाली.

त्यांच्या कळवण्याचीही एक रीत होती. ‘मी काय केलं. काय व्हायला हवं होतं. काय झालं.’ एवढंच लिहायच्या. ते कोणी केलं, कोणाचं चुकलं, याला त्यांच्या कागदावर जागाच नव्हती. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं फार कमी लोक लिहितात. बहुतेकांना चुकीपेक्षा चुकणाऱ्यात जास्त रस असतो. मात्र चूक मोठी असली की आपा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येत. त्यात त्यांच्या हातची सांदणं असायची, तांदळाची, जाळीदार, नारळाच्या दुधासोबत खायची. आधी आम्हाला वाटलं, काय मायाळू बाई आहे. मग हिशेब लक्षात आला. डबा टेबलावर दिसला की आम्ही आधी आपापलं काम पुन्हा उघडून बघायचो. ‘‘आधी खा,’’ त्या म्हणायच्या, ‘‘मग सांगते.’’

सगळं गोडच होतं असं नाही. आपा हट्टी होत्या, आणि कधीकधी असह्य. रविवारी सकाळी फोन करून ‘‘ते निळं बटण मला अजून आवडलेलं नाही’’ एवढंच सांगायच्या. दुसऱ्या टेस्टरवर त्यांचा भरवसा नसे. त्याने तपासलेलं त्या गुपचूप पुन्हा तपासायच्या आणि ते त्याला कळलं की आठवडाभर ऑफिसात दोन तोंडं दोन दिशांना. मीही कितीदा त्यांच्यावर चिडलो. त्या चिडत नसत, गप्प होत, ओढणी सारखी करत. ते जास्त लागायचं.

आता त्या गोष्टीकडे येतो. सहा वर्षांपूर्वी एका धर्मादाय डायलिसिस केंद्राचं ॲप आमच्याकडे आलं. केंद्रात खुर्च्या मोजक्या, पेशंट जास्त. प्रत्येक पेशंटला आठवड्यातून ठरावीक दिवशी नंबर असायचा. आदल्या दिवशी ॲपवर पेशंटने ‘येणार’ हे बटण दाबायचं, म्हणजे नंबर पक्का. तेच बटण पुन्हा दाबलं की ‘येणार नाही’, म्हणजे नंबर रद्द, आणि ती खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला. साधं काम होतं. ते बटण माझं होतं. एका बटणात दोन कामं होतात याचा मला अभिमानही होता. मी त्याच महिन्यात टीमचा प्रमुख झालो होतो आणि ॲप सुरू व्हायचा दिवस ठरलेला होता. पाहुणे, हार, फीत सगळं.

आपांनी केंद्राकडून पेशंटांच्या गावांची यादी मागून घेतली. म्हणाल्या, ‘‘लोक कुठून येतात ते तरी बघू.’’ आणि पिशवी घेऊन निघाल्या. एक दिवस कोन गावाला, एक दिवस एसटीने आपट्याला. कोनला एक्स्प्रेसवेच्या बाजूला सगळं छान चाललं. आपट्याला, पाताळगंगेच्या काठी, फोनला रेंज येऊन-जाऊन होती. तिथे त्यांनी ‘येणार’ दाबलं. बटणाचा रंग बदलेना. म्हणून परत दाबलं. दोन मिनिटांनी रेंज आली, दोन्ही वेळा दाबलेलं एकदम पोचलं आणि नंबर रद्द झाला. त्यांनी नेहमीसारखं लिहून पाठवलं. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मी ऑफिसच्या वायफायवर बटण वीसेक वेळा दाबून बघितलं. दर वेळी रंग पटकन बदलला. ‘‘आपा, असं होत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘इथे होत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू आपट्याला चल. एसटी आहे साडेदहाची.’’ मी हसलो. ‘‘आपट्याला आता कोण जातंय, आपा? चार दिवस राहिलेत.’’ आणि मी त्यांच्या तक्रारीपुढे शेरा निवडला... ‘आढळत नाही’. आमच्या सिस्टिममध्ये हा शेरा टाकला की तक्रार बंद होते आणि यादीतून दिसेनाशी होते. आपा त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. ओढणी सारखी केली आणि जागेवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या होत्या. मी कामाचं निमित्त करून खायला गेलो नाही.

ॲप सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आपट्याचे काशिनाथतात्या सकाळी केंद्रावर पोचले, तर त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस. ‘‘तुम्हीच नंबर रद्द केलाय,’’ त्यांना सांगण्यात आलं. स्क्रीनवर तसं दिसतही होतं. तात्यांचे पाय सुजलेले, दम लागलेला. परत गावी जाऊन यायची ताकद नव्हती. ते बाकावर बसून राहिले. तिथल्या एका टेक्निशियनला त्यांची अवस्था दिसली, त्याने धावपळ करून दुपारी उशिरा एक खुर्ची मोकळी केली आणि ते वाचले. ‘वाचले’ हा शब्द मी उगाच वापरत नाही, टेक्निशियनने तोच वापरला होता. दुसऱ्या दिवशी केंद्राची माणसं आमच्या ऑफिसात आली. त्यांनी विचारलं, ‘‘हे तुमच्या टेस्टिंगमध्ये सापडलं कसं नाही?’’

सगळ्यांनी आपांकडे बघितलं. मीही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, शपथेवर सांगतो, पण जीभ उचलेना. नवी जबाबदारी, समोर पाहुणे, जयंतसरांचा चेहरा... मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. आपा म्हणाल्या, ‘‘माझ्याकडून राहिलं. परत असं होणार नाही.’’ पाहुणे निघून गेले. जयंतसर आपांना काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने आपांनी तपासलेलं प्रत्येक ॲप दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा तपासून घेतलं गेलं. दुसऱ्यांचं काम पुन्हा तपासणाऱ्या आपांना ते किती लागलं असेल!

मी त्यांना जिन्यात गाठलं. ‘‘तुम्ही असं का सांगितलंत? तुम्ही तर कळवलं होतं.’’ त्या एक पायरी खाली उभ्या होत्या. ‘‘तुझं नाव सांगून तात्यांना खुर्ची आधी मिळाली असती का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आणि मी खोटं नाही बोलले. तू ‘आढळत नाही’ लिहिलंस आणि मी गप्प बसले. मला दिसलं होतं, तरी गप्प बसले. सरांकडे जायला हवं होतं, भांडायला हवं होतं. डबा घेऊन आले! तेवढं माझं राहिलं ना?’’ मी म्हटलं, ‘‘मी उद्या सरांना सांगतो.’’ त्या म्हणाल्या, ‘‘सरांचं तू बघ. आधी उद्या साडेदहाची एसटी पकड. त्या बिचाऱ्याला वाटतंय की त्याने स्वतःच बटण चुकीचं दाबलं.’’

आम्ही दोघं पोचलो तेव्हा तात्या घराच्या पडवीत खाटेवर बसले होते. उंच, वाळलेला माणूस, पूर्वी रसायनीकडे कारखान्यात कामाला होता. आम्ही कोण ते आपांनी सांगितलं. तात्या आम्हालाच समजावू लागले. ‘‘मी आंगठा लावला, काय झाला नाय. म्हनून परत लावला. आता माजा आंगठा जाडा, लागला आसंल कुठंतरी भलतीकडं. पोरगा पन बोलला, बाबा तुमीच चुकलाव.’’ मी माझा फोन काढला, नदीच्या बाजूला चालत गेलो आणि बटण दाबलं. रंग बदलला नाही. पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर आलं : नंबर रद्द. परत येऊन तात्यांना म्हणालो, ‘‘तुमचं काही चुकलं नाही. बटण मी बनवलंय, चूक माझी आहे. या बाईंनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’’ तात्यांनी मुलाला आतून हाक मारली आणि मला म्हणाले, ‘‘आता जरा परत सांगा, याच्या म्होरं.’’ मी परत सांगितलं. मुलगा वरमला. तात्या म्हणाले, ‘‘बरा झाला. आता नीट करनार ना? मंग झाला.’’

परतीच्या एसटीत आपांनी पिशवीतून कागद काढला आणि आम्ही ते बटण नव्याने आखलं. दाबल्याबरोबर ‘पाठवत आहे’ असं दिसायचं, आणि दुसऱ्यांदा दाबलं तर नंबर रद्द न होता आधी स्पष्ट विचारायचं. आज मी जे काही बनवतो त्यातलं निम्मं शहाणपण त्या एसटीतलं आहे. लोकांना मी आता चांगला डेव्हलपर वाटतो. नव्या लोकांना मी सांगतो की, तुमच्या फोनवर चालतं हे मला सांगू नका, कुठे चालत नाही ते शोधून या. ते माझ्याकडे आदराने बघतात. हे उसनं आहे, असं त्यांना मी कधी सांगितलं नाही.

कारण जयंतसरांना सांगायचं राहूनच गेलं. आधी भीतीने. मग ॲप नीट चालू लागलं, केंद्राकडून कौतुकाचं पत्र आलं आणि जुनी गोष्ट उकरायची कशाला, असं वाटलं. मग इतका काळ लोटला की आता सांगितलं तर ‘इतके दिवस का नाही’ हाच प्रश्न मोठा झाला असता. आपांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही. टोमणा नाही, नजर नाही. पूर्वीसारख्याच माझ्या चुका काढत राहिल्या, पूर्वीसारख्याच सांदणं आणत राहिल्या. ईदला त्यांच्या घरी गेलो की ‘‘अजून घे, काय खातोस हे चिमणीसारखं’’ म्हणून शीरखुर्म्याची वाटी पुन्हा भरायच्या. मी ती निमूटपणे संपवायचो.

त्या गेल्यानंतर बाराव्या-तेराव्या दिवशी ऑफिसात आम्ही सगळे जमलो. रुबिनाला बोलावलं होतं. ती आता शिक्षिका आहे, आईसारखीच ताठ बसते. जयंतसर बोलायला उभे राहिले. त्यांनी त्या फोनची गोष्ट सांगितली, सात वेळा करून बघितलेल्याची. लोक हसले, डोळे पुसले. मग ते म्हणाले, ‘‘इतकी वर्षं, इतकी ॲप्स. आणि आपांच्या हातून सुटली ती फक्त एक चूक. ती आपट्याची. एक! आमच्यापैकी कोणाला असं सांगता येईल?’’ त्यांनी ते अत्यंत प्रेमाने म्हटलं. मी रुबिनाकडे बघितलं. ती मान हलवत होती, हसरी. ‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘अम्मी घरीही सांगायची. एक माझ्याकडून राहिलं म्हणून.’’

मला वाटतं, सर नुसतं बोलले असते तर मी तेव्हाही गप्प बसलो असतो. पण रुबिनाने ती मान हलवली... मी उभा राहिलो. ‘‘ती आपांच्या हातून सुटली नव्हती,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांनी ॲप सुरू व्हायच्या चार दिवस आधी लिहून दिलं होतं. मी ‘आढळत नाही’ म्हणून बंद केलं. मीटिंगमध्ये त्या माझ्यासमोर दोष घेत होत्या आणि मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो.’’ एवढंच बोललो. भाषण वगैरे जमलं नाही. जयंतसर म्हणाले, ‘‘सहा वर्षं, प्रशांत?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ ते खाली बसले. त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि जावा अशी माझी घाईही नाही. रुबिना निघताना दाराशी थांबली. ‘‘अम्मीला ठाऊक होतं, की तुम्हाला हे आत खातंय?’’ मी म्हटलं, ‘‘असावं.’’ ती रडत होती, तरी तिला हसू आलं. ‘‘तरीच ईदला तुम्हाला दोन वाट्या. आम्हाला एकच मिळायची.’’

सगळे गेल्यावर मी त्या जुन्या तक्रारीचा नंबर शोधून काढला. शेरा बदलायचा होता. बंद झालेली तक्रार कोणी उघडत नाही, मीही सहा वर्षांत उघडली नव्हती. उघडली, तर खाली नोंदी होत्या. एकामागून एक, एकोणीस. त्या ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती निघाली की आपा एसटीने आपट्याला जाऊन आल्या होत्या आणि परत येऊन त्या बंद तक्रारीखाली लिहिलं होतं. ‘आपटा, नदीकाठ. दोनदा दाबलं. विचारलं. नंबर कायम.’ तारीख, आणि त्यांचं नाव. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचत नव्हतं. त्यातल्या किती तरी नोंदी त्यांचे गुडघे दुखू लागल्यानंतरच्या होत्या. शेवटची तर डॉक्टरांनी त्यांना जिने चढायचे नाहीत असं बजावल्यानंतरची. ‘परत असं होणार नाही’ हे मी सारवासारवीचं वाक्य समजलो होतो. बाईंनी तो शब्द दिला होता... मी शेरा बदलून ‘खरी’ केला. असा बदल केला की सिस्टिम कारण विचारते. मी लिहिलं, ‘नसीमआपांना आढळली होती. मी बघितलं नव्हतं.’ मग तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडलो.

गेल्या आठवड्यात त्या ॲपची नवी आवृत्ती तयार झाली. मी साडेदहाची एसटी पकडली. तात्या अजून आहेत, जास्त वाळलेत, पण आठवड्याचा नंबर चुकवत नाहीत. पडवीत तीच खाट. मला एकट्याला बघून त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे नजर टाकली. ‘‘बाय नाय आली?’’ मी शेजारी बसलो आणि सांगितलं. ते किती तरी वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, ‘‘दर टायमाला यायची. तब्येत इचारायची. मला वाटायचा माज्यासाठी येते.’’ मी म्हटलं, ‘‘तुमच्यासाठीच यायच्या, तात्या.’’ त्यांनी हात पुढे केला. ‘‘आन तो फोन.’’

आम्ही हळूहळू नदीच्या बाजूला गेलो. तात्यांनी ‘येणार’वर अंगठा ठेवला. ‘पाठवत आहे’ असं दिसलं. त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला. स्क्रीनवर प्रश्न आला, तुम्हाला तुमचा नंबर रद्द करायचा आहे का? तात्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, एकेक अक्षर वाचलं आणि ‘नाही’ दाबलं. मी तिथेच उभ्या-उभ्या नोंद लिहिली. आपटा, नदीकाठ, दोनदा दाबलं, विचारलं, नंबर कायम. खाली तपासणाऱ्याचं नाव लागतं. ‘‘तुमचं घालतो,’’ मी म्हटलं. तात्या म्हणाले, ‘‘घाल. पन बायचा आधी घाल, मी तिच्या जागेवर हाय.’’ जागा एकाच नावाची आहे. दोन्ही नावं बसली.